टॅपची अंगठी चालेना? आधी हे बघा

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्यांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी आणि ज्या आल्या होत्या त्यांना पुन्हा बघता यावा म्हणून इथे देत आहोत.)



आजच्या विषयपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘टॅपच्या अंगठ्या’ असं लिहिलंय आणि ते वाचून मागच्या रांगेत दोघीतिघी हसल्या. हसू येणारच. गटाच्या सभेत अंगठीचं नाव निघालं की आपल्याला गहाण आठवतं. पण ही अंगठी सोन्याची नाही आणि सोनार ती घेणारही नाही. आपल्या काही गटांनी प्रदर्शनात वापरायला ती घेतली आहे. गिऱ्हाइकाने आपला फोन या अंगठीला टेकवला की त्याच्या फोनवर आपल्या गटाचं व्हॉट्सॲप उघडतं, किंवा मालाची यादी उघडते. नंबर सांगा, लिहून घ्या, चुकला, परत सांगा, हे सगळं वाचतं. दिवाळीत लाडू घेतलेलं गिऱ्हाईक संक्रांतीला तिळाच्या वड्या मागवू शकतं.

पण गेल्या काही महिन्यांत मला सगळ्यात जास्त आलेला फोन कुठला, तर “ताई, अंगठी मेली.” मग मी गावात आले की ती डब्यातून निघते, फडक्यात बांधलेली. आणि सोबत एक वाक्य असतंच: “माझ्याच हातून काहीतरी बिघडलं असंल.”

तर पहिली गोष्ट ही ऐका. दहातल्या बहुतेक अंगठ्या मेलेल्या नसतात आणि तुमच्या हातूनही काही बिघडलेलं नसतं. विहिरीवरची मोटर चालत नाही म्हणून आपण लगेच मोटर भंगारात घालतो का? आधी लाईट आहे का बघतो, मग फ्यूज, मग फूटव्हॉल्व्ह. एकेक करत पुढे जातो. इथेही तेच करायचं आहे, आणि ते तुम्हाला माझ्याशिवाय करता यावं एवढ्यासाठीच आजचं बोलणं आहे.

आपली अंगठी कुठल्या जातीची?

बाजारात तीन जातींच्या अंगठ्या आहेत आणि बघायला तिन्ही सारख्याच. त्यामुळे घोळ होतो.

पहिली आपली, टॅगची. हिच्यात एक बारीक चिप आणि तारेचं छोटं वेटोळं असतं. बॅटरी नसते, म्हणून ती चार्ज करावी लागत नाही. फोन जवळ आला की फोनमधूनच तिला क्षणभर शक्ती मिळते, तेवढ्यात ती आत लिहिलेली माहिती फोनला देते आणि पुन्हा गप्प बसते. या पद्धतीला एनएफसी म्हणतात. मुंबई-पुण्याच्या मेट्रोच्या फाटकावर लोक कार्ड टेकवतात, ते याच पद्धतीवर चालतं.

दुसरी पैसे देण्याची. तिच्यात बँकेच्या कार्डासारखी चिप असते आणि दुकानातल्या मशीनला टेकवली की पैसे जातात. हिने पैसे फक्त देता येतात, घेता येत नाहीत. तिच्यात आपली लिंक भरता येत नाही.

तिसरी तब्येतीची. झोप किती झाली, नाडी किती पडते हे सांगणारी. ती चार्ज करावी लागते आणि फोनला ब्लूटूथने जोडावी लागते.

एका गटातल्या ताईंची मुलगी दोन दिवस फोनच्या ब्लूटूथमध्ये टॅगची अंगठी शोधत होती. ती तिथे कधीच दिसणार नाही, कारण तिला जोडणी लागतच नाही. तुमच्या अंगठीला चार्जर मिळाला नसेल आणि ती बँकेने दिलेली नसेल, तर ती टॅगची आहे असं समजा. पुढचं सगळं तिच्याबद्दल.

काहीच होत नाही

फोन टेकवला, पण ना आवाज, ना थरथर, ना काही उघडलं. अशा वेळी अंगठीकडे नंतर बघा, आधी फोनकडे बघा.

फोनमध्ये एनएफसी आहे का? हा पहिला प्रश्न. आपल्या हातात असतात त्या स्वस्तातल्या फोनांपैकी बऱ्याच फोनांत एनएफसी नसतंच. सेटिंगमध्ये जा, वरच्या शोधायच्या जागेत एनएफसी टाका. नाव आलं तर फोनमध्ये ते आहे, ते चालू करा. नावच आलं नाही तर त्या फोनवर अंगठी कधीच चालणार नाही. हे नीट ध्यानात घ्या, कारण इथेच सगळ्यात मोठी गफलत होते. अंगठी आपल्या फोनवर तपासायची, चालली नाही की बंद समजून ठेवून द्यायची. पण वापरणार कोण आहे? गिऱ्हाईक. त्याच्या फोनमध्ये एनएफसी असेल तर अंगठी तिथे चालेल. तुमच्या फोनमध्ये नसलं म्हणून अंगठी खराब ठरत नाही.

आयफोनचं थोडं वेगळं. २०१८ साली आलेल्या एक्सआर आणि एक्सएसपासून पुढच्या फोनांत वेगळं बटण चालू करावं लागत नाही. त्याआधीच्या ७, ८ आणि एक्स या फोनांत कंट्रोल सेंटरमधून टॅग वाचायचं चिन्ह दाबावं लागतं. कॅमेरा उघडा असेल किंवा विमानाचं चिन्ह चालू असेल तर आयफोन टॅग वाचत नाही. प्रदर्शनात गिऱ्हाईक आधी आपल्या मालाचा फोटो काढतं आणि कॅमेरा तसाच उघडा ठेवून फोन टेकवतं. त्याला फक्त म्हणा, “दादा, कॅमेरा बंद करून टेकवा.”

स्क्रीन चालू आहे का? काळ्या स्क्रीनचा फोन टॅग वाचत नाही. ॲन्ड्रॉइडवर तर साधारणपणे कुलूपही उघडलेलं लागतं.

योग्य जागी टेकवलं का? एनएफसीचा पल्ला जेमतेम ४ सेंटिमीटर, म्हणजे दोन-तीन बोटांच्या रुंदीएवढा. अंगठीतलं वेटोळं तर फारच लहान, त्यामुळे ती जवळजवळ चिकटवावीच लागते. आणि फोनच्या कुठल्याही भागाला लावून चालत नाही. आयफोनची जागा वरच्या कडेला असते. ॲन्ड्रॉइडमध्ये बहुतेक वेळा पाठीमागे, कॅमेऱ्याच्या खाली किंवा पाठीच्या मध्यावर. स्क्रीनच्या बाजूने टेकवू नका. पाठीला टेकवा आणि दोन सेकंद थांबा. मग एक इंच खाली सरका, पुन्हा थांबा. भाकरी थापल्यासारखं पटापट आपटलं तर फोनला वाचायला वेळच मिळत नाही.

अंगठीची कुठली बाजू? स्टीलच्या अंगठीत चिप एकाच बाजूला, काळ्या किंवा रंगीत पट्टीखाली असते. बोटात फिरून ती बाजू तळहाताकडे गेली की वरची नुसती स्टीलची बाजू टेकवत बसाल, तर काही होणार नाही. चिपची बाजू सापडली की तिथे नेलपॉलिशचा एक ठिपका लावून ठेवा.

कधी चालतं, कधी नाही

हे लक्षण असेल तर मध्ये काहीतरी आड येतंय असं समजा.

सगळ्यात आधी फोनचं कव्हर. आपल्याकडे कव्हरमध्ये काय काय असतं सांगू? एटीएम कार्ड, पन्नासची नोट, देवाचा फोटो, दवाखान्याची चिठ्ठी. नोट आणि फोटो असले तरी चालतंय. पण कार्ड काढा. ज्या कार्डावर वाय-फायसारख्या आडव्या लाटांचं चिन्ह असतं, त्यातही अशीच चिप असते. मग फोनपुढे दोन चिपा एकदम येतात आणि त्याचा गोंधळ होतो. उगाचच सारखा टुंग टुंग वाजणारा किंवा ‘टॅग वाचता येत नाही’ असं दाखवणारा फोन असेल तर कव्हर उघडून बघा, हमखास कार्ड निघेल.

मग धातू. लोखंडी पट्टीचं कव्हर, गाडीत चिकटवायला पाठीमागे लावलेली धातूची चकती, फोन धरायची धातूची कडी, यातलं काहीही मध्ये आलं की लहरी अडतात. शेजारच्या बोटातली जाड अंगठीही कधीकधी त्रास देते. हाताला पाणी, पीठ किंवा हळद लागली असेल तर त्याने काही बिघडत नाही. पुसायचं ते स्वच्छतेसाठी.

याच कारणाने आणखी एक गोष्ट घडते. एका गटाने अंगठीऐवजी टॅगचे स्टिकर घेतले आणि लाडवाच्या पत्र्याच्या डब्यांवर चिकटवले. एकही चालला नाही. तेच स्टिकर पुठ्ठ्याच्या खोक्यावर लावले तर सगळे चालले. पत्र्यावर लावायचे असतील तर धातूसाठीचे वेगळे स्टिकर मिळतात, ज्यांच्या पाठीला खास थर असतो. दुकानदाराला तसं सांगून मागा.

आवाज येतो, पण उघडत नाही, किंवा भलतंच उघडतं

फोन वाजला म्हणजे आनंद माना. अंगठी जिवंत आहे आणि फोनही ठीक आहे. आता दोष आत लिहिलेल्या मजकुरात किंवा त्याच्या पलीकडे आहे.

आत काय लिहिलंय ते वाचायला ‘एनएफसी टूल्स’ नावाचं ॲप आहे. मोफत आहे. ज्या फोनमध्ये एनएफसी आहे त्यात ते टाका, ‘वाचा’ या अर्थाचं बटण दाबा, अंगठी टेकवा. आतली लिंक जशीच्या तशी दिसेल. आता एकेक बघा.

व्हॉट्सॲपची लिंक असेल तर तिच्यात आधी ९१ आणि मग लगेच दहा आकडी नंबर हवा. अधिकचं चिन्ह नको, सुरुवातीचा शून्य नको, मध्ये जागा नको. पाच-पाच आकडे सुटे लिहायची आपली सवय वहीत बरी, लिंकमध्ये ती नडते.

लिंक अर्धीच दिसत असेल तर जागा पुरली नाही, किंवा लिहिताना अंगठी हलली. अंगठीतली जागा अगदी थोडी असते. नेहमी मिळणाऱ्या एनटॅग २१३ जातीच्या चिपेत मजकुरासाठी १४४ बाइट असतात, २१५ मध्ये ५०४ आणि २१६ मध्ये ८८८. इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, मराठीत नुसत्या ‘क’ला ३ आणि ‘की’ म्हटलं तर वेलांटीचे आणखी ३. म्हणून गटाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, मालाची यादी असं सगळं मराठीत अंगठीत बसवायला गेलं तर ते मावत नाही. त्यापेक्षा अंगठीत छोटी लिंक ठेवा आणि मराठी यादी व्हॉट्सॲपच्या कॅटलॉगमध्ये लावा. तिथे भरपूर लिहा, फोटो लावा, दर बदला, अंगठीला हात लावायची गरज नाही.

लिंक बरोबर आहे, तरी पान उघडत नाही? मग नेट बघा. अंगठी फक्त पत्ता देते, तिथवर जायला नेट लागतंच. प्रदर्शनाच्या मांडवात गर्दी झाली की नेट रडत चालतं.

नेटही आहे, तरी ‘पान सापडत नाही’ येतं? इथे जरा थांबा, कारण पुढचं बोलणं पैशाचं आहे. अंगठी विकणाऱ्यांपैकी काही जण आतमध्ये आपल्या गटाची लिंक भरत नाहीत. ते त्यांच्या पानाची लिंक भरतात आणि त्या पानावर आपला नंबर लावतात. पानाचं वर्षाचं भाडं असतं. वर्ष संपलं आणि भाडं भरलं नाही की पान बंद. अंगठी धडधाकट, पण तिच्यातला पत्ताच मोडलेला. आणि ते पान विक्रेत्याच्या हातात असल्याने आपल्या पानावर कोण कोण आलं हेही त्यालाच दिसू शकतं. म्हणून विकत घेताना तोंडावर विचारा: “आत लिंक कुणाची? वर्षाला काही भरावं लागणार का? लिंक आम्हाला बदलता येईल का?” आणि उत्तर पावतीवर लिहून घ्या.

अंगठीत नंबर कुणाचा?

तायांनो, हा भाग मला बिघाडापेक्षाही महत्त्वाचा वाटतो.

मी ज्या अंगठ्या ॲपवर वाचून पाहिल्या त्यातल्या काहींमध्ये गटाचा नंबर नव्हता. कुणाच्या मुलाचा होता, कुणाच्या मालकांचा. कारण साधं: घेताना फोन त्यांच्या हातात होता. आता होतं काय, गिऱ्हाईक टेकवतं, ऑर्डर मुलाच्या फोनवर जाते. मुलगा कामाला शहरात. तो संध्याकाळी बघतो, नाहीतर बघतच नाही. पंधरा जणींनी मिळून केलेल्या मालाची ऑर्डर एका घरच्या फोनमध्ये अडकते. मग गटात कुजबुज सुरू होते की ऑर्डर आलीच नाही का आली आणि सांगितली नाही. भांडण अंगठीवरून दिसतं, खरं ते विश्वासाचं असतं. आणि गट मोडतात ते बुडालेल्या हप्त्यांपेक्षा अशा कुजबुजीने जास्त.

याहून वाईट म्हणजे नंबरच बंद पडणं. बरेच दिवस रिचार्ज न केलेला, न वापरलेला नंबर कंपनी बंद करते आणि पुढे तो दुसऱ्याच माणसाला मिळू शकतो. अंगठी मात्र इमानदारीने गिऱ्हाइकाला त्याच नंबरवर पाठवत राहते. आपल्या पापडाची ऑर्डर भलत्याच माणसाकडे जाते, तो गिऱ्हाइकाशी काय बोलतो, त्याच्याकडून पैसे मागतो का, आपल्याला काही कळत नाही. नाव मात्र आपल्या गटाचं जातं.

म्हणून माझं मागणं आहे की गटाचा एक वेगळा नंबर असावा. सिम कुणाच्या नावावर आहे हे इतिवृत्तात लिहावं. रिचार्जचा खर्च गटाच्या खर्चात धरावा. फोन कुणाकडे राहणार हे महिन्याने किंवा तिमाहीने बदलायचं का ते गटाने ठरवावं. आलेल्या ऑर्डरी साप्ताहिक बैठकीत वाचून दाखवाव्यात, जशी बचतीची वही आपण वाचतो तशी. मुलांची मदत जरूर घ्या, ती आपल्याहून भराभर शिकतात. पण नंबर गटाचा.

कुलूप लावायचं की नाही?

नवीन अंगठी उघडी असते. उघडी म्हणजे कुणीही आपल्या फोनवरून तिच्यात दुसरं काहीही लिहू शकतो. गर्दीत दोन सेकंद पुरतात. ॲपमध्ये कुलूप लावायची सोय आहे, पण ती दाबण्याआधी पूर्ण समजून घ्या: कायमचं कुलूप पुन्हा निघत नाही. ना आपल्याला, ना दुकानदाराला. नंबर चुकीचा लिहून कुलूप लावलं तर ती अंगठी फक्त बोटात घालायच्या कामाची.

म्हणून असं करा. आधी लिंक भरा. दोन वेगवेगळ्या फोनांवर टेकवून बघा, जमल्यास एक ॲन्ड्रॉइड आणि एक आयफोन. समोरून व्हॉट्सॲप उघडलं आणि ‘नमस्कार’ पाठवला तर तो गटाच्याच फोनवर आला का बघा. एक महिना तशीच वापरा. मग पुढे नंबर बदलणार नाही अशी खात्री असेल तर कुलूप. खात्री नसेल तर पासवर्ड लावा आणि तो गटाच्या वहीत, अध्यक्ष आणि सचिव दोघींना माहीत असेल असा लिहून ठेवा. चिपा पुन्हा पुन्हा लिहिण्यासाठीच केलेल्या असतात, एनटॅग २१३ ला तर एक लाख वेळा लिहिण्याची क्षमता दिलेली आहे. तेव्हा लिंक बदलल्याने ती झिजेल ही काळजी सोडा.

खरंच मेली असेल तर

एनएफसी असलेल्या दोन-तीन फोनांवर, कव्हर काढून, सगळ्या बाजूंनी, ॲप उघडून वाचून बघितली आणि तरी काहीच नाही, तर मात्र आतली तार तुटली असावी. ती दुरुस्त होत नाही. किंवा मुळातच चुकीच्या जातीची चिप असेल. हजेरीच्या मशीनला किंवा दरवाज्याला वापरायच्या काही टॅगची लहर वेगळी असते, फोनला ती कळतच नाही. फोनचं एनएफसी १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतं. दुकानात एवढंच सांगा: “फोनवर वाचता येणारी, एनटॅग २१३, २१५ किंवा २१६.” आणि पैसे देण्याआधी तिथेच टेकवून बघा.

तार तुटते कशाने? आपटल्याने आणि तापल्याने. कढईत तळताना, खलबत्त्यात कुटताना, धुणं आपटताना ती काढून ठेवा. इंडक्शन शेगडीवर तर चुकूनही ठेवू नका.

आणि आता मी जे सांगते ते अंगठीसाठी नाही, तुमच्या बोटासाठी आहे. शेवयाचं मशीन, पिठाची गिरणी, कडबाकुट्टी, मळणीयंत्र, यांच्याजवळ जाताना कुठलीही अंगठी बोटात ठेवू नका. सोन्याची नको, स्टीलची नको, टॅगची नको. अंगठी अडकली की बोट सोडवायला वेळ मिळत नाही. काम सुरू करायच्या आधी अंगठी काढून दोऱ्यात ओवून भिंतीच्या खिळ्याला लावायची, ही सवय सगळ्या उत्पादक गटांनी लावून घ्यावी.

पैशांची भीती

“ताई, कुणी अंगठीला फोन लावून आमचे पैसे काढले तर?” हा प्रश्न बऱ्याच जणींनी विचारला. टॅगच्या अंगठीत बँक खात्याची काहीच माहिती नसते. जे आपण लिहितो तेवढंच. तिच्यातून पैसे निघू शकत नाहीत.

पैसे देण्याची अंगठी किंवा लाटांच्या चिन्हाचं कार्ड असेल तर मात्र जपा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ जानेवारी २०२१ पासून ५,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार टेकवून, पिन न टाकता करता येतो. नको असेल तर बँकेच्या ॲपमधून किंवा शाखेत जाऊन ती सोय बंद करता येते, मर्यादा कमीही करता येते. हरवलं तर त्याच दिवशी बँकेला कळवून बंद करा.

दुसऱ्याच्या टॅगला आपला फोन टेकवताना हे लक्षात ठेवा: टेकवल्यावर एखादं ॲप उतरवायला सांगितलं, ओटीपी मागितला, किंवा पैसे मिळण्यासाठी पिन टाका म्हटलं, तर तिथेच थांबा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

अंगठी नसली तरी

एक गोष्ट सभेत कुणी मोठ्याने बोलणार नाही, म्हणून मीच बोलते. परक्या माणसाने आपल्या बोटाला फोन टेकवायचा, हे काही जणींना अवघड वाटतं. वाटू द्या, त्यात मागासलेपण काही नाही. अंगठी काढून टेबलावर सुपारीच्या वाटीत ठेवा आणि तिथे टेकवायला सांगा. किंवा अंगठी घेऊच नका. तेच काम टॅगचं कार्ड करतं, दोऱ्यात अडकवायचा बिल्ला करतो, साधा स्टिकर करतो आणि स्टिकर अंगठीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. वेटोळं मोठं असल्याने कार्ड चटकन वाचलंही जातं.

आणि अंगठी असो की कार्ड, शेजारी क्यूआरचा कागद हवाच. ज्या गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये एनएफसी नाही तो क्यूआर वापरेल. क्यूआरला कॅमेरा पुरतो. तोही नसेल तर मोठ्या आकड्यांत छापलेला नंबर. तिन्ही ठिकाणी नंबर एकच आहे ना, एवढं तपासा.

पुढच्या बैठकीला ज्या गटांकडे अंगठ्या, कार्डं किंवा स्टिकर आहेत त्यांनी ते सोबत आणा, बंद समजून ठेवून दिलेल्या तर नक्की आणा. सोबत घेतल्याची पावती आणि गटाचा फोन आणा. एनएफसी असलेले दोन फोन मी आणते. आपण प्रत्येक अंगठी वाचून बघू, आत कुणाचा नंबर आहे ते वहीत लिहू आणि जिथे बदलायचा तिथे त्याच दिवशी बदलू. ते काम मी करणार नाही. प्रत्येक ग्रामसंघातून एक ताई पुढे येईल, मी शेजारी बसेन आणि तिच्या हाताने ते होईल. पुढच्या वेळी अंगठी गप्प बसली तर फोन मला न येता त्या ताईला जावा, एवढीच माझी इच्छा आहे.

नावं आजच द्या. सचिव ताई वही घेऊन दाराजवळ बसल्या आहेत.